वाचक विचारतात : अँडीचं भोक, अँडीचा पाइप

प्रश्न : ‘द शॉशँक रिडेम्प्शन’मध्ये (1994) कैदी अँडी कोठडीच्या भिंतीत पोस्टरमागे खोदलेल्या भोकातून पळतो. तो भोकात शिरल्यावर पोस्टर पुन्हा जागेवर कोण चिकटवतं? आणि 19 वर्षांचा राडारोडा कुणालाच कसा दिसत नाही?

उत्तर : पोस्टर चिकटवायला कुणी लागतच नाही. फक्त वरची कड पक्की असली की पुरे. खालची कड उचलून आत सरकलं की कागद आपोआप खाली पडतो. खटकतं ते वेगळंच. वॉर्डनने भिरकावलेला खडा पोस्टरला भोक पाडून आरपार जातो. कागद चारी बाजूंनी ताणलेला असेल तरच हे जमेल. सैल कागद नुसता आत ढकलला जाईल. स्टीफन किंगच्या मूळ लघुकादंबरीत (1982) पोस्टरमागच्या भोकाची चाहूल झकास दिली आहे : नॉर्मडेन नावाचा कैदी काही काळ अँडीच्या कोठडीत राहतो आणि तिथे सारखा गार वारा येतो म्हणून कुरकुरतो.

राडारोड्याचा हिशेब करून बघा. भोक 50 सेंटिमीटर व्यासाचं आणि भिंत 1 मीटर जाड धरू. काँक्रीट भरेल सुमारे 470 किलो. 19 वर्षांत दिवस 6,935. म्हणजे रोज जेमतेम 68 ग्रॅम, अर्धी मूठसुद्धा नाही. पँटच्या पायातून मैदानात झटकायला एवढं काहीच नाही.

प्रश्न : अँडी ज्यातून सरपटत बाहेर पडतो तो मैल्याचा पाइप खरंच अर्धा मैल लांब होता का?

उत्तर : नाही. गोष्ट सांगणारा, अँडीचा कैदी मित्र रेड म्हणतो, 500 यार्ड, पाच फुटबॉल मैदानांएवढं अंतर, अर्ध्या मैलाला थोडंच कमी. यातलं शेवटचं चुकलंय. अर्धा मैल म्हणजे 880 यार्ड. 500 यार्ड म्हणजे 457 मीटर, पाव मैलाहून थोडं जास्त. पोटावर सरपटणाऱ्याला तेही भरपूर!

पाइप फुटताच उडणारं कारंजं मात्र पटत नाही. मैल्याचा पाइप उतारावर वाहतो, सहसा अर्धवट भरलेला असतो, त्यात दाब नसतो. कारंजं उडण्याइतका दाब असेल तर पाइप तुडुंब भरलेला असणार, मग श्वास कुठे घेणार? अर्धा रिकामा असला तरी हायड्रोजन सल्फाइडचा धोका राहतोच. हा वायू जास्त झाला की त्याचा वास येणंच बंद होतं.

प्रश्न : शेवटचं पोस्टर काळाशी जुळतं का?

उत्तर : काठावर नापास. अँडी पळतो 1966 मध्ये. शेवटचं पोस्टर आहे अभिनेत्री राकेल वेल्चच्या ‘वन मिलियन इयर्स बी.सी.’ चित्रपटाचं. तो ब्रिटनमध्ये लागला त्याच वर्षाच्या डिसेंबरअखेर, अमेरिकेत 1967 मध्ये.