√७२ दिसलं की आधी वर्ग शोध

अगं, √७२ दिसलं की लगेच मूळ अवयव पाडत बसू नकोस. ७२ ला निःशेष भागणारी सर्वांत मोठी पूर्ण वर्ग संख्या शोध. ती ३६. म्हणून √७२ = √३६ × √२ = ६√२. पुष्कळ जण ९ धरतात आणि ३√८ वर थांबतात. ते चूक नाही, पण अर्धवट आहे. ८ मध्ये अजून ४ दडलाय. १५ पर्यंतचे वर्ग तोंडपाठ हवेतच. राजवाड्याहून क्लासला येताना बसमध्ये पुटपुटत ये, कोणी हसलं तर हसू दे.

बेरजेत मात्र जपून. √९ + √१६ म्हणजे ३ + ४ = ७, √२५ नव्हे! गुणाकारात वर्गमूळ फोडता येतं, बेरजेत नाही. √५० + √१८ आधी सोपं कर: ५√२ + ३√२ = ८√२. पण √२ आणि √३ मिसळू नकोस; इंदूरच्या सराफ्यातल्या खाऊगल्लीत जिलबी आणि गराडू (तळलेला कंद) एका हिशेबात धरतात का?

छेदात √३ उरलं तर वर-खाली √३ ने गुण, संपलं. आणि √(क्ष²) म्हणजे नुसता क्ष नव्हे, |क्ष|, म्हणजे ऋण चिन्ह सोडून उरलेली किंमत. क्ष = −५ घेऊन बघ, उत्तर ५ येतं. माझ्या मते सर्वांत जास्त मार्क इथेच जातात.

आता √९८ − √३२ करून दाखव.