जीटीएक्स १०५० टीआय की आरएक्स ५७०? आधी एसएमपीएसवरचं लेबल वाचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऐरोलीला राहता, महापेच्या एका कंपनीतून निघालेला ब्रँडेड ऑफिस डेस्कटॉप घेतलाय, आत जुना आय-फाइव्ह. सेकंडहँड १०५० टीआय (एनव्हिडियाचं) आणि आरएक्स ५७० (एएमडीचं) ही दोन्ही ग्राफिक्स कार्डं, ४ जीबीची, जवळपास एकाच किमतीत मिळतायत. कागदावर ५७० दुपटीहून भारी दिसतं, तरी जो तो १०५० टीआयच घ्या म्हणतो. असं का?

नुसत्या ताकदीचा प्रश्न असता तर ५७०, त्यात वादच नाही. पण तुमच्या कॅबिनेटमध्ये ते चालेल का, हे आधी बघायला हवं.

वयाने दोन्ही कार्डं सारखीच. १०५० टीआय ऑक्टोबर २०१६ मध्ये आलं, ५७० एप्रिल २०१७ मध्ये. पहिल्यात ७६८ कोअर (गणित करणारी छोटी युनिट्स), दुसऱ्यात २०४८, आणि हे आकडे शेजारी ठेवले की माणूस फसतो. एनव्हिडियाचे आणि एएमडीचे कोअर एका मापाने मोजता येत नाहीत. टेराफ्लॉपच्या (सेकंदाला किती गणितं, याचं माप) हिशोबात १०५० टीआय २.१ वर आणि ५७० ५.१ वर, म्हणजे जवळजवळ अडीचपट. प्रत्यक्षात १०८०पी (फुल एचडी) वर बहुतेक गेममध्ये ५७० साधारण तीस ते पन्नास टक्क्यांनी पुढे असतं. मग बाकीची ताकद जाते कुठे? ५७० च्या पोलारिस चिपमध्ये गणित करणारी युनिट्स भरपूर आहेत, पण त्या सगळ्यांना सतत काम पुरवणं जमत नाही, त्यामुळे बरीच रिकामी राहतात. १०५० टीआयची पास्कल चिप छोटी आहे, पण जास्त क्लॉकवर (वेगावर) पळते आणि आहे तेवढं नीट वापरते. त्यात डायरेक्टएक्स ११ (विंडोजची जुनी ग्राफिक्स प्रणाली) वापरणाऱ्या गेममध्ये एएमडीचा ड्रायव्हर प्रोसेसरच्या एकाच कोअरवर जास्त भार टाकतो. तुमचा जुना आय-फाइव्ह तिथे अडला तर ५७० ची आघाडी आणखी कमी होते.

मेमरीतला फरक मात्र खरा आहे. दोन्हीकडे जीडीडीआर५ प्रकारची मेमरी आहे आणि वेगही तोच, पण बस (मेमरी आणि चिपमधली वाट) १२८ बिट विरुद्ध २५६ बिट. त्यामुळे सेकंदाला ११२ जीबी विरुद्ध २२४ जीबी, सरळ दुप्पट. सेटिंग वर नेली की ५७० दम टिकवतं ते याच जोरावर. ४ जीबीची मर्यादा दोघांनाही सारखीच नडते.

आता विजेचं बघू. १०५० टीआय ७५ वॅटचं कार्ड आहे. मदरबोर्डचा पीसीआय एक्सप्रेस स्लॉट तेवढी वीज स्वतःच देतो, म्हणून त्याच्या बऱ्याच मॉडेलना वेगळी वायर लागतच नाही. ५७० ला १५० वॅट लागतात आणि सहा किंवा आठ पिनची वेगळी वायर. ऑफिस डेस्कटॉपचा एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा, बहुतेक वेळा दोन-अडीचशे वॅटचा असतो आणि त्यात ती वायरच नसते. तो बदलायचा म्हटलं तरी अशा बऱ्याच पीसींच्या मदरबोर्डवर नेहमीचा चोवीस पिनचा कनेक्टर नसतो, त्यामुळे बाजारातला साधा एसएमपीएस थेट बसत नाही.

हे मी स्वतः भोगलंय. २०१९ मध्ये कळव्याला घरी असेम्बल केलेल्या पीसीत ५७० लावलं. एसएमपीएसवर मोठ्या अक्षरात ४५० वॅट लिहिलेलं होतं. गेम सुरू केला की दहा मिनिटांत पीसी धाडकन बंद. कार्डच खराब आहे असं धरून मी ते घेऊन लॅमिंग्टन रोडला दोन चकरा मारल्या. दोन्ही वेळा दुकानात ते व्यवस्थित चाललं. शेवटी वाशीच्या मित्राने एसएमपीएसचं बारीक अक्षरातलं लेबल वाचायला लावलं: १२ व्होल्टच्या पुढे १८ अँपिअर. १२ गुणिले १८, म्हणजे २१६ वॅट. कार्ड आणि प्रोसेसर दोघांनाही याच लाइनवरून वीज जाते, तिथे ४५० चा आकडा काहीच कामाचा नाही. मित्राचा चांगला एसएमपीएस लावला आणि त्याच कार्डाने पुढे कधी त्रास दिला नाही.

म्हणून तुमच्या पीसीला माझा सल्ला: १०५० टीआय, तेही बिनवायरचं. कॅबिनेट अरुंद, आडवं ठेवायचं असेल तर लो-प्रोफाइल (कमी उंचीचं) मॉडेलच शोधा, पूर्ण उंचीचं कार्ड आत मावणार नाही. तुमचा पीसी असेम्बल केलेला आणि एसएमपीएस चांगला असता तर मी डोळे झाकून ५७० सांगितलं असतं. विजेच्या बिलाची काळजी नको. रोज तीन तास खेळलात तरी दोघांतला फरक महिन्याला सात युनिटच्या आतच राहतो.

ब्लेंडर हे थ्रीडी सॉफ्टवेअर शिकायचं मनात असेल तरीही १०५० टीआयच. ब्लेंडरने ३.० मध्ये ओपनसीएल (एएमडी कार्डांकडून काम करून घेण्याची जुनी पद्धत) काढून टाकलं, तेव्हापासून ५७० वर सायकल्स या त्याच्या इंजिनचं रेंडरिंग होत नाही, सगळं प्रोसेसरवर येऊन पडतं. डीएलएसएस (एनव्हिडियाचं कमी रिझोल्यूशनचं चित्र मोठं करून वेग वाढवणारं तंत्र) आणि हार्डवेअर रे ट्रेसिंग (प्रकाश-सावल्यांचा खरा हिशोब) दोघांतही नाही. एएमडीच्या एफएसआर या तशाच तंत्राच्या जुन्या आवृत्त्या मात्र दोघांवर चालतात.

सेकंडहँड ५७० घेणाऱ्याने एक ध्यानात ठेवावं. ही कार्डं इथेरियम मायनिंगला (डिजिटल चलन कमवायला दिवसरात्र चालवणं) ढिगाने वापरली गेली, आणि ४ जीबीवाली २०२० च्या अखेरीस त्या कामातून बाद झाली. अनेकांचे पंखे झिजलेले असतात, काहींचा बायोस (कार्डातलं मूळ सॉफ्टवेअर) बदललेला असतो. १०५० टीआयमध्ये धोका वेगळा: जुन्या जीटीएक्स ५५० टीआयचा बायोस बदलून तेच १०५० टीआय म्हणून विकतात. पैसे देण्याआधी विक्रेत्याच्याच पीसीवर जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडा. शेडर (म्हणजे तेच कोअर) ७६८ दिसायला हवेत. १९२ दिसले किंवा नावापुढे फेक आलं, तर तिथूनच परत फिरा. आपल्याकडे खाडीच्या दमट हवेत कार्डाच्या, स्लॉटमध्ये बसणाऱ्या सोनेरी पट्टीवर काळपट थर चढतो. तो खोडरबरने हलक्या हाताने पुसला तर जातो, पण ब्रॅकेटच्या स्क्रूंवर गंज असेल तर कार्ड आतूनही तपासून घ्या. आणि निदान वीस मिनिटं एखादा जड गेम चालवून बघा. माझं कार्ड घरी दहाव्या मिनिटाला बंद पडायचं, म्हणून पाच मिनिटांच्या डेमोवर मी आता कुणालाच पैसे देत नाही.