कोलंबियातील कार्ताहेना शहर पाहण्यासाठी तीन दिवस पुरतात का आणि मुक्काम कुठे करावा?

तीन दिवस पुरतात, मात्र त्यांतील एक दिवस रोसारिओ बेटांच्या समुद्रसफरीत गेला, तर शहरासाठी दोनच उरतात, हे लक्षात ठेवून बेत आखावा.

स्पॅनिशांनी 1533 मध्ये वसवलेल्या या बंदरातून दक्षिण अमेरिकेतील सोने-चांदी स्पेनला जात असे आणि आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांची येथे विक्री होत असे. चाच्यांच्या व शत्रूच्या आरमारांच्या भीतीने उभारलेली तटबंदी आजही बऱ्याच अंशी शाबूत असून संध्याकाळी वारा सुटल्यावर तिच्यावरून फिरणे हाच माझ्या मते येथील सर्वांत मोठा आनंद आहे, आणि त्यासाठी तिकीटही लागत नाही. सान फेलिपे किल्ल्यावर सावली जवळजवळ नसल्याने तेथे सकाळी दार उघडताच जावे. 1741 मध्ये इंग्रजांच्या प्रचंड आरमाराला येथूनच माघार घ्यावी लागली होती. आतील भुयारे अवश्य पाहावीत.

मुक्कामासाठी तटबंदीच्या आतील महागड्या भागापेक्षा शेजारचे हेत्सेमानी मी निवडेन, कारण तेथील त्रिनिदाद चौकात रात्री उशिरापर्यंत स्थानिक कुटुंबे, गाणेबजावणे आणि खाद्यपदार्थांच्या गाड्या असतात. अर्थात, लवकर झोपणाऱ्यांना हा गोंगाट सोसणार नाही. मक्याच्या पिठात अंडे भरून तळलेला ‘आरेपा दे ह्वेवो’ गरमच खावा. डोक्यावर फळांची पाटी घेतलेल्या पालेंकेरा स्त्रियांचे छायाचित्र काढण्यापूर्वी पैसे ठरवावेत. डिसेंबर ते एप्रिल हे महिने कोरडे असतात.