कंठ फुटला, आवाज मात्र जुनाच

"मॅडम, रिपोर्ट सगळे नॉर्मल आहेत, मग याचाच आवाज असा का?" हे विचारायला माझ्यासारख्या समुपदेशकाकडे बहुतेक वेळा आई येते. मुलगा शेजारी तोंड मिटून बसलेला असतो. वय वीस-बावीस, दाढीमिशा नीट आलेल्या. फोनवर समोरचा 'हां मॅडम, बोला' म्हणतो म्हणून त्याने फोन घेणं सोडलेलं असतं. अशाच एकाची गोष्ट सांगते, ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून.

आधी शरीराचं. दहाव्या वर्षापर्यंत मुलामुलींच्या आवाजात फारसा फरक नसतो. पुढे साधारण बारा ते पंधरा या वयात मुलांचं स्वरयंत्र टेस्टोस्टेरॉनमुळे झपाट्याने वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आवाज जवळजवळ एक सप्तक खाली येतो. मुलींचाही उतरतो, पण पेटीच्या दोन-तीन पट्ट्या, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. काही मुलांचं स्वरयंत्र मोठं होतं, तरी ते गळ्यात वर ओढून, ताणून बोलण्याची सवय टिकते. याला प्युबरफोनिया म्हणतात. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी तपासल्याशिवाय मी अशा मुलाबरोबर काम सुरू करत नाही, कारण क्वचित हार्मोन्सचा किंवा स्वरतंतूंचा खरा दोष निघतो. याचा निघाला नव्हता.

"आवाज कधी फुटला तुझा?"

"फुटलाच नाही."

"एकदाही चिरकला नाही?"

उत्तर पुढच्या भेटीत आलं. हा गावच्या भजनी मंडळातला लाडका गळा. पेटीच्या काळी पाचमध्ये, म्हणजे उंच पट्टीत, अभंग म्हणायचा, म्हाताऱ्या बायका कौतुकाने बोटं मोडायच्या. तेराव्या वर्षी, सप्ताहात काल्याच्या दिवशी, वरच्या स्वरावर आवाज फाटला. मंडपातली पोरं हसली. बुवा हळहळून म्हणाले, "गेला रे पोराचा आवाज!"

"मग तू काय केलंस?"

"जपला."

त्या एका शब्दाने माझं निम्मं काम केलं. आईवडिलांना वाटत होतं, पोरगा पुरुषासारखं बोलायला कमी पडतोय. तो तर ज्या आवाजावर सगळ्यांनी प्रेम केलं, तो हातचा जाऊ नये म्हणून इतकी वर्षं राबत होता. आणि दिवसभर गळा ताणून बोलणं ही साधी मेहनत नव्हे.

त्याला स्पीच थेरपिस्टकडे पाठवलं. त्यांनी आधी खोकायला सांगितलं. खोकला भारदस्त निघाला. खोकल्याच्या शेपटीला 'आ' जोडला, मग हुंकार, मग आकडे. कंठमण्यावर बोटाने हलका दाब देऊन आवाज खाली ठेवायला शिकवलं. आवाज तर सापडला, पण माझ्यासमोर तो पुन्हा बारीक आवाजात म्हणाला, "तो माझा नाही वाटत. दुसराच कुणीतरी बोलतोय." थोडं अभिमानाने सांगते, इथून पुढचं काम आमचं असतं.

मी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ वाटेने जाणारी, म्हणजे त्रास देणारा विचारच तपासून पाहणारी. कुणी हसणार नाही, असा खोटा दिलासा मी देत नाही.

"हसले तर?"

"सहन नाही होणार."

"मंडपात हसले तेव्हा?"

"…झालं सहन."

"फोनवर मॅडम म्हणतात ते?"

"तेही होतंयच."

"मग नव्या आवाजाला हसलेलं तेवढं होणार नाही?"

तो हसला, अगदी खालच्या पट्टीत. खोकल्यासारखंच हसूही सवयीला फसत नाही. त्याने चमकून माझ्याकडे पाहिलं आणि मी मुद्दाम काहीच बोलले नाही. थोड्या वेळाने, त्याच पट्टीत, त्याने विचारलं, "हा असाच राहील?"

राहतो, पण वापरावा लागतो. आम्ही क्रम ठरवला. आधी गॅस एजन्सी, कस्टमर केअर, जिथे कुणी ओळखत नाही. मग दुकानदार, मग मित्र, आणि घर सगळ्यात शेवटी, कारण सगळ्यात जास्त टर घरीच उडते. घरच्यांना एकच पथ्य: "अरे वा, बाप्या झाला!" म्हणायचं नाही. पालकहो, हे पथ्य चौदा वर्षांच्या मुलाचा आवाज चिरकतो तेव्हाही पाळा. आणि एखाद्याला आपला बारीक आवाज आवडत असेल, तर तो बदलायचा हट्ट तुम्ही धरू नका. मीही धरत नाही.

शेवटच्या भेटीत आईंनी आपलंच गाऱ्हाणं मांडलं: "आता मलाच फोनवर 'साहेब' म्हणतात." वय पन्नाशीपुढचं. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन घटतं, स्वरतंतू किंचित जाड होतात, आवाज उतरतो. त्यांच्या सासऱ्यांचं उलटं झालेलं. म्हातारपणी स्वरतंतू पातळ, सैल होतात, तेव्हा पुरुषांचा आवाज बारीक आणि कापरा होऊ शकतो. आईंना मी तरीही थायरॉइड तपासायला सांगितलं, कारण त्यानेही आवाज जाड होतो. घोगरेपणा तीन आठवड्यांच्या वर टिकला तर वयाकडे बोट न दाखवता घसा दाखवावा. तंबाखू-विडी असेल तर लवकरच.