फुकटच्या जहाजाचं स्पेअर कोण देतो?

प्रश्न : मी मर्चंट नेव्हीत थर्ड इंजिनिअर आहे. जहाजावर निम्मे खलाशी फिलिपिनो. त्यांच्या सरकारने दक्षिण कोरियाकडून नव्या फ्रिगेट (मध्यम आकाराच्या युद्धनौका) घेतल्या, त्यावरून मेसमध्ये रोज वाद होतो. आमचा बोसन (डेकवरच्या खलाशांचा मुकादम) म्हणतो, अमेरिका जुनी जहाजं जवळपास फुकट देत असताना एवढे पैसे कशाला घालवायचे? तुम्ही नौदलात इंजिनरूममध्ये होता, तुम्हाला काय वाटतं?
– एक वाचक, दापोली

उत्तर : बोसनला माझा नमस्कार सांगा आणि विचारा, त्या फुकटच्या जहाजाचा पंप गेला तर स्पेअर कोण देणार?

माझं पहिलं जहाज वयाने माझ्याएवढंच होतं. एकदा त्याच्या सी-वॉटर पंपाचा इंपेलर, म्हणजे पाणी ढकलणारं आतलं चाक, झिजून गेला. पंप बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडलेली. मग डॉकयार्डात साच्यासाठी लाकडाचा नमुना केला, गनमेटल ओतलं. पहिल्या ओतकामात हवेचे फुगे निघाले, ते भंगारात. दुसरा इंपेलर लेथवर उतरवून बसवला, तर पंप थरथरायला लागला. पुन्हा काढा, पुन्हा बॅलन्स करा. चाळीस दिवस जहाज धक्क्याला बांधलेलं. तोफा, रडार, दीडशे माणसं, सगळं एका बशीएवढ्या चाकासाठी अडलेलं. पोरांनी तेवढ्यात क्रिकेटची टूर्नामेंट उरकून घेतली.

फिलिपिन्सने हे आमच्यापेक्षा जास्त भोगलंय. त्यांचं ‘राजा हुमाबोन’ १९४३ सालचं अमेरिकी जहाज, ते २०१८ पर्यंत सेवेत होतं! २०११ पासून अमेरिकी तटरक्षक दलाची हॅमिल्टन वर्गाची तीन जहाजं आली, तीही साठच्या दशकातली. प्रत्येकावर दोन डिझेल इंजिनं, दोन गॅस टर्बाइन, आणि क्षेपणास्त्र एकही नाही. तरी ती घेतली हे बरोबरच केलं. मोठ्या लाटेत टिकेल असं दुसरं होतं काय त्यांच्याकडे?

कोरियाकडून घेतलेली पहिली फ्रिगेट ‘होजे रिझाल’ २०२० मध्ये दाखल झाली आणि पुढच्या वर्षी तिची बहीण. चार डिझेल इंजिनं, टर्बाइनची भानगड नाही. तुम्ही इंजिनिअर, याचं सुख तुम्हाला वेगळं सांगायला नको. विमानविरोधी क्षेपणास्त्रांच्या उभ्या नळ्यांसाठी मात्र नुसती जागा सोडलेली. त्यावर तिथे बरीच टीका झाली. मला मात्र जागा सोडणं पटतं. घर बांधताना एसीचा पॉइंट काढून ठेवावा, एसी पुढच्या दिवाळीला घ्यावा. उलटं करायला गेलात तर भिंत फोडावी लागते.

पण काही गोष्टी पुढच्या दिवाळीवर ढकलता येत नाहीत. रडार, सोनार, तोफ, क्षेपणास्त्र यांना एकत्र चालवणारी संगणक यंत्रणा हा जहाजाचा मेंदू. नौदलाला एक हवी होती, कोरियन शिपयार्डने दुसरी निवडली. नौदलप्रमुख व्हाइस अ‍ॅडमिरल मर्काडो अडून बसले, तर डिसेंबर २०१७ मध्ये त्यांनाच हटवलं. पुढे सिनेटमध्ये चौकशी झाली. माझा कौल मर्काडोंना. इंजिन आम्ही रडतखडत बदलतो, पण मेंदू बदलायचा म्हणजे जहाजभर केबल उपसायची.

आता बोसनच्या पैशांचा हिशोब. २०२१ च्या अखेरीस त्यांनी आणखी दोन लढाऊ जहाजं मागवली, २८ अब्ज पेसोंना. सहा महिन्यांनी सहा गस्ती जहाजं, ३० अब्जांना. म्हणजे एका लढाऊ जहाजाच्या किमतीत जवळजवळ तीन गस्ती. आपल्या पाण्यात घुसलेल्या बोटीमागे राहायचं, झेंडा दाखवायचा, याला फ्रिगेट लागत नाही. आणि लढायचं झालं तर आपल्याकडून घेतलेलं ब्रह्मोस आहेच. जानेवारी २०२२ चा सुमारे ३७.५ कोटी डॉलरचा करार, पहिली खेप एप्रिल २०२४ मध्ये पोचली. ते किनाऱ्यावरच्या ट्रकवरून डागतात. ट्रकचा पंप गेला तर गॅरेजात बदलून मिळतो.

प्रश्न : आपल्याकडे दुसऱ्या देशांसाठी अशी गस्ती जहाजं बांधतात का?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर : तुमच्या वास्कोलाच बांधली की! गोवा शिपयार्डने श्रीलंकेला ‘सयुराला’ २०१७ मध्ये आणि ‘सिंदुराला’ २०१८ मध्ये दिली. शंभर मीटरच्या वर लांबी, मागे हेलिकॉप्टरचा डेक. त्याआधी २००० मध्ये आपली वापरलेली ‘सरयू’ त्यांनी घेतली होती, तिचं नाव ‘सयुरा’. २००७ मध्ये एलटीटीईची शस्त्रं आणणारी जहाजं श्रीलंकेने दूर समुद्रात गाठून बुडवली, त्या मोहिमेत ती होती. म्हणजे जुनं जहाजही कामी येतं, फक्त ते बांधणारा देश समुद्रापलीकडे हाकेच्या अंतरावर होता. दापोलीकरांनी हे बोसनला जरूर सांगावं, त्याची बाजू अगदीच पडलेली नाही.