दोहे लिहिणारा रहीम खरोखर सेनापती होता का?

होय, आणि साधासुधा नव्हे. अब्दुर्रहीम खानखानान हा अकबराचा पालक-सरदार बैरमखान याचा मुलगा. जन्म 1556, लाहोर. हजला निघालेल्या बैरमखानाचा 1561 मध्ये गुजरातेत पाटण इथे खून झाला, तेव्हा पोर जेमतेम चार वर्षांचं. पुढे अकबरानेच त्याला वाढवलं.

1584 मध्ये अहमदाबादजवळ सरखेजला त्याने गुजरातचा पदच्युत सुलतान मुजफ्फरशहा याच्या कितीतरी मोठ्या फौजेला हरवलं आणि ‘खानखानान’ ही बापाची पदवी मिळवली. 1589 मध्ये बाबराच्या आठवणींचा तुर्कीतून फारसी अनुवादही पुरा केला. घोड्यावरून उतरायला याला वेळ कधी मिळायचा, कोण जाणे!

आपल्याकडचा संबंध तर थेट आहे. चांदबीबीने अहमदनगरचा किल्ला लढवला, त्या 1595-96 च्या वेढ्यात शहजादा मुरादबरोबर हाच होता. दोघांचं पटत नव्हतं, किल्ला पडला नाही. तहात मोगलांना वऱ्हाड मिळालं. वर्षभराने गोदावरीकाठी पाथरीजवळ त्याने विजापूरचा सरदार सुहेलखान याच्या हाताखालच्या संयुक्त दख्खनी फौजेला हरवलं. मलिक अंबरने मात्र पुढे त्याला दमवलं.

म्हातारपण वाईट गेलं. शाहजहानने बाप जहांगीरविरुद्ध केलेल्या बंडात तो सापडला आणि मुलगा दाराबखान मारला गेला. 1627 मध्ये दिल्लीत त्याचा मृत्यू झाला. बायकोसाठी बांधलेल्या निजामुद्दीनजवळच्या मकबऱ्यातच त्याचीही कबर आहे.