‘मदतीचे स्थानिकीकरण’ म्हणावं का?

सोलापुरातल्या एका सामाजिक संस्थेसाठी भाषांतराचं काम करणाऱ्या एका ताईंनी विचारलंय: आपत्तीच्या मदतीवरच्या एका इंग्रजी अहवालात ‘लोकलायझेशन’ हा शब्द पानोपानी येतो. त्याला ‘मदतीचे स्थानिकीकरण’ म्हणावं का? ‘लोकली लेड ग्रासरूट्स ऑर्गनायझेशन्स’साठी त्यांनी ‘स्थानिक नेतृत्वाखालील तळागाळातील संस्था’ असं लिहिलं. बचत गटातल्या बायकांना वाचून दाखवलं, तर सगळ्या गप्प. शिवाय ‘स्थानिकीकरण’मधली ‘की’ ऱ्हस्व की दीर्घ, असाही एक प्रश्न आहे.

ताई, शब्दशः बघितलं तर तुमचं काही चुकलेलं नाही. पण हे शब्द मराठीत आधीच दुसऱ्या कामाला लागलेले आहेत, तिथे गोची आहे.

‘स्थानिकीकरण’ अर्थशास्त्राच्या पुस्तकात भेटतं ते ‘उद्योगांचे स्थानिकीकरण’ म्हणून. सोलापुरात चादरी आणि टॉवेलचे कारखाने का एकवटले, ते सांगणारं. संगणकवाल्यांकडे त्याचा अर्थ सॉफ्टवेअर मराठीत आणणं. आणि प्रत्यय बघा. ‘-ीकरण’ हा संस्कृतातला च्वि प्रत्ययाचा नमुना, आणि वैयाकरण त्याचा अर्थ सांगतात ‘अभूततद्भाव’, म्हणजे जे तसं नव्हतं ते तसं करणं. शुद्ध नव्हतं ते शुद्ध केलं की शुद्धीकरण. खासगी बँका सरकारने ताब्यात घेतल्या, ते राष्ट्रीयीकरण. मग मदतीचं स्थानिकीकरण म्हणजे मदत आधी स्थानिक नव्हती, आता कोणीतरी ती स्थानिक करणार.

अहवालाचं म्हणणं नेमकं याच्या उलट आहे. स्थानिक माणसं पहिल्यापासून तिथेच असतात. सप्टेंबर २०२५मध्ये सीनेला पूर आला, माढा, मोहोळ, करमाळ्याकडची गावं पाण्यात गेली, तेव्हा पहिल्या तासात काय होतं? शेजारच्या वस्तीवरचा ट्रॅक्टर, दावणीची जनावरं सोडणारी पोरं, शाळेची किल्ली ज्याच्याकडे असते तो माणूस. एनडीआरएफ, म्हणजे केंद्राचं आपत्ती प्रतिसाद दल, आलं, लष्कर आलं, त्यांनी मोलाचं काम केलं, पण तेही आधी गावातल्याच कोणाला तरी विचारतात, ‘कुठल्या घरात माणसं अडकलीत?’ प्रश्न मदत स्थानिक करण्याचा नाहीच. प्रश्न पैसा आणि निर्णय कोणाच्या हातात राहतो, हा आहे.

थोडी पार्श्वभूमी सांगतो, कारण तिच्याशिवाय शब्द बसणार नाही. मे २०१६मध्ये इस्तंबूलला जागतिक मानवतावादी शिखर परिषद झाली. तिथे मोठे देणगीदार देश आणि मदतसंस्था यांच्यात ‘ग्रँड बार्गेन’ नावाचा करार झाला. मानवतावादी मदतीच्या पैशातला किमान २५ टक्के वाटा २०२०पर्यंत, शक्य तितक्या थेट, त्या त्या देशातल्या आणि भागातल्या संस्थांना द्यायचा, असं त्यात ठरलं. २०२० उलटून गेलं, थेट पोचणारा वाटा एक आकडीच राहिला. करारातला ‘शक्य तितक्या थेट’ हा तुकडा बघून ठेवा. कुठल्याही सरकारी जीआरमधल्या ‘यथाशक्य’ला शोभेल असा आहे.

आपल्याकडे आणखी एक गाठ आहे. परकीय देणगीच्या कायद्यात, म्हणजे एफसीआरएत, सप्टेंबर २०२०मध्ये दुरुस्ती झाली. तेव्हापासून एका संस्थेला मिळालेली परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेकडे वळती करता येत नाही. ती देणगी स्वीकारायचं खातंही स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतच काढावं लागतं. म्हणजे दिल्लीतल्या बड्या संस्थेने मनात आणलं तरी त्या पैशातून मोहोळच्या महिला मंडळाला ती अनुदान देऊ शकत नाही. अहवालात ‘पार्टनर’ शब्द दिसला की ‘भागीदार’ लिहिण्याआधी थांबायचं ते यासाठीच. मराठीत भागीदार नफ्यातोट्यात बसतो. इथे बऱ्याचदा तो नुसता काम करून देणारा असतो.

‘ओव्हरहेड’ला तुम्ही काय लिहिलंय ते कळवलं नाहीत. ‘वरखर्च’ किंवा ‘आस्थापना खर्च’ चालेल. पण सोलापुरात समजावून सांगायचं तर मार्केट यार्डातली कांद्याची पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाचा कागद, पुढे करा. हमाली, तोलाई, मोटारभाडं वजा होत होत खाली जो आकडा उरतो तो शेतकऱ्याचा. देशातच गोळा झालेला मदतीचा पैसाही बडी संस्था, तिची राज्यातली कचेरी, मग जिल्ह्यातली संस्था, असा वजा होत खाली येतो. प्रत्येक पायरी आपला कार्यालयीन खर्च धरते. शेवटच्या गटाला मात्र बहुधा फक्त सामानाचे पैसे मिळतात, भाडं, रिक्षा, हिशेब लिहिणारीचा पगार धरलेलाच नसतो. बचत गटातल्या बायका यावर गप्प बसणार नाहीत, बघा.

आता ‘स्थानिक संस्था’. हा शब्द मराठीत टाळलेलाच बरा. महापालिका, नगरपरिषदा, जिल्हा परिषदा म्हणजे ‘स्थानिक स्वराज्य संस्था’, आणि व्यापाऱ्यांना ‘स्थानिक संस्था कर’ अजून आठवत असणार. एलबीटी म्हटलं की आठवण जास्त लवकर येते. ‘मदतीचा निधी स्थानिक संस्थांना द्या’ असं वाक्य छापलंत तर वाचणारा म्हणेल, पैसे महापालिकेला जाणार. अर्थाचा केवढा अनर्थ!

‘तळागाळातील’ला माझी हरकत वेगळी. इंग्रजीतल्या शब्दात गवताचं मूळ आहे, ज्यातून काहीतरी उगवतं. आपल्या शब्दात तळ आहे आणि गाळ आहे. ‘तळागाळातल्या लोकांपर्यंत पोचणे’ असं आपण म्हणतो तेव्हा पोचणारा वर उभा असतो. योजना पोचवायची असेल तर शब्द चपखल आहे, पण संस्थेला विशेषण म्हणून लावलात की ती संस्था गरिबांची आहे एवढंच कळतं, ती गावातून उभी राहिली हे कळत नाही. आता कोणी म्हणेल, गाळ वाईट कुठे असतो, तलावातला गाळ शेतात टाकायला तर सरकारी योजना आहे. खरंय, आणि सीनेच्या पुराने ज्यांची जमीन खरडून नेली त्यांना तर गाळाचं मोल सांगायलाच नको. पण भाषणातल्या ‘तळागाळा’त तो अर्थ कोणी ऐकत नाही.

मग काय लिहायचं? जे आहे ते नावानिशी लिहा. बचत गट, महिला मंडळ, तरुण मंडळ, तालीम, ज्ञातिसंस्था, विडी कामगारांची संघटना. एकच छत्र हवं असेल तर ‘गावोगावचे गट आणि मंडळे’ किंवा शहरासाठी ‘वस्तीतल्या संघटना’. ‘स्थानिक नेतृत्वाखालील’मधला ‘खालील’ काढून टाका आणि ‘स्थानिकांनी चालवलेले’ म्हणा. क्रियापदाचा कर्ता दिसला की अर्थही दिसतो. ‘लोकसहभाग’ इथे चालणार नाही. सहभाग दुसऱ्याच्या कामात घेतात.

कर्ता हरवण्याचं एक उदाहरण जवळचंच आहे. ३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारी भूकंपानंतर घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण करण्याच्या कार्यक्रमात स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकाराने गावोगावच्या बायका उभ्या राहिल्या. घरमालक, इंजिनिअर आणि सरकार यांच्यातला दुवा त्याच होत्या. पुढे २००१मध्ये कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा तिथल्या बायकांना आपला अनुभव सांगायला यांच्यातल्या काही जणी गेल्या. कागदोपत्री त्यांचं पद काय होतं? ‘संवाद सहायक’. सहायक!

त्याआधीचा, १९७२च्या दुष्काळातला एक शब्द सोलापुराकडची म्हातारी माणसं अजून तोंड वाकडं करून उच्चारतात: ‘मिलो’. अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीवर वाढलेल्यांच्या घशाखाली ती उतरेना. पोट भरलं, नाही असं नाही. पण आणायचं काय हे खाणाऱ्याला विचारलं नाही, की पदार्थाचं नाव अशी चव घेऊन भाषेत राहतं. गेल्या पुरात माझ्या ओळखीच्या एका बचत गटाने कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून दिली, कारण दोन्ही टिकतं आणि चूल पेटवावी लागत नाही. त्यांच्या वहीत ‘लाभार्थी’ असा रकाना नव्हता. ‘कुणाच्या घरची’ आणि ‘कुणाच्या घरी’, एवढे दोनच. ‘किती वाटप झालं?’ असं विचारल्यावर हिशेब लिहिणारी म्हणाली, ‘वाटप कशाचं वो, पोचवूलालो नुस्तं.’

‘लाभार्थी’ म्हणजे लाभ मागायला आलेला. सरकारी तक्त्यात तो राहू द्या, पण तुमच्या मजकुरात ‘पूरग्रस्त कुटुंबे’ पुरे आहे. सोलापुरात आपल्याकडे याहून भारी शब्द होता. सिद्धेश्वरांच्या गावात कायक (काम हीच पूजा) आणि दासोह (आपल्या कमाईतलं सेवा म्हणून इतरांना देणं) हे लिंगायत परंपरेतले शब्द नवे नाहीत. ‘दासोऽहम्’, म्हणजे ‘मी दास’, अशी दासोहची फोड सांगतात. इथे देणारा स्वतःला खाली ठेवतो. अहवालात तो घालू नका, धार्मिक रंग येईल आणि देणगीदाराला तळटीप लागेल. बैठकीत मात्र जरूर वापरा. अक्कलकोटकडच्या कन्नड बोलणाऱ्या बायकांना तर तो लगेच कळेल.

राहिलं ‘लोकलायझेशन’. ‘विकेंद्रीकरण’ मनात आलं होतं, सत्तेच्या संदर्भात तो शब्द रुळलेलाही आहे. पण मोठ्या संस्थेने जुळे सोलापूर या उपनगरात शाखा उघडली तरी ती विकेंद्रीकरणच म्हणेल, म्हणून नको. शीर्षकात आणि ठळक वाक्यांत ‘मदतीची सूत्रे स्थानिकांकडे’ असं लिहा. तक्त्यांत आणि जिथे एकच शब्द मावतो तिथे ‘स्थानिकीकरण’ ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे एका ओळीत खुलासा करून.

आणि ‘की’ दीर्घच. च्वि लागला की आधीच्या ‘अ’चा ‘ई’ होतो: शुद्ध, शुद्धीकरण, प्रमाण, प्रमाणीकरण. ‘स्थानि’मधली ‘नि’ मात्र ऱ्हस्व, कारण ती ‘स्थानिक’मधून जशीच्या तशी आलेली आहे.